गाडीशिवाय घरी यायचं नाही

माझ्या दादाचं चष्म्याचं दुकान आहे आणि ते इतकी वर्षं कसं चाललं हे एक देव जाणे. कुणी नवा चष्मा घ्यायला आलं की दादा आधी त्याच्या नाकावरचा जुना काढून घेतो. उजेडात धरतो, दोन्ही दांड्या उघडून-मिटून बघतो आणि विचारतो, "काय झालंय याला?"

"जुना झालाय हो."

"जुने तर तुम्हीपण झालाय. दिसतंय ना?"

"दिसतं तसं."

"मग झालं."

मोहरीएवढा एक स्क्रू चिमट्याने बिजागरीत बसवतो, काचा पुसतो, चष्मा परत त्या माणसाच्या नाकावर ठेवतो आणि "पुन्हा सैल झाला की या" म्हणून त्याला वाटेला लावतो. भिंतीवर मांडलेल्या नव्या फ्रेमा इतकी वर्षं तिथेच आहेत, की त्यांची फॅशन एकदा जाऊन परत आली. त्या वेळी चार-पाच खपल्या. दादाला वाटलं, बघा, थांबण्यात फायदा असतो.

दुकानात हा स्वभाव गिऱ्हाइकांच्या पथ्यावर पडायचा. घरी तो आमच्या वहिनीच्या वाट्याला आला, आणि तोही गाडीच्या रूपाने.

गाडीचा शेवटचा हप्ता फिटला तो दिवस मला चांगला आठवतो. मी खालच्या मजल्यावर राहते, दादा-वहिनी माझ्या डोक्यावर, आणि गाडी उभी राहायची माझ्या स्वयंपाकघराच्या खिडकीसमोर. त्यामुळे त्या गाडीचं जे काही बरंवाईट झालं ते सगळं मी भाजी चिरता चिरता पाहिलेलं आहे. त्या दिवशी दादा बँकेतून आला, गाडी लावली, आणि उतरेचना.

"काय रे, बसून काय राहिलायस?" मी खिडकीतून विचारलं.

"आज पहिल्यांदा स्वतःच्या गाडीत बसलोय, चिमे. बसू दे."

माझे केस पांढरे झाले तरी दादा मला चिमीच म्हणतो. एवढ्यात वहिनी खाली आली. तिला बघून दादाने काच खाली केली आणि जाहीर केलं, "आता ही आपली. यापुढे हिला विकायची भाषा कुणी करायची नाही. ज्या दिवशी ही मला रस्त्यात टाकेल आणि मला हिच्याशिवाय घरी यावं लागेल, त्या दिवशी मी स्वतः विकीन. तोवर नाही."

वहिनीला ते पटलं. मलाही पटलं. गाडी किती दिवस ठेवायची याला काहीतरी धरबंद हवाच, आणि हा नियम ऐकायला अगदी सरळ होता. त्यातली मेख आम्हाला कळायला बरीच वर्षं गेली.

मेख अशी, की गाडी बंद पडायची, भरपूर पडायची. पण दादा तिला सोडून घरी यायचाच नाही.

आमच्या ह्यांची साठी होती. सगळे जेवून उठले, ताटं घासून झाली, मी ओटा पुसत होते, तेव्हा दादा हजर. हातात भेटवस्तू, शर्टावर ग्रीसचा पंजा.

"अरे, होतास कुठे?"

"गाडी जरा उभी राहिली. मिस्त्री साखरपुड्याला गेलेला. तो येईपर्यंत थांबलो."

"मग बसने यायचंस!"

दादा माझ्याकडे असा बघायला लागला, जणू मी त्याला अर्ध्या वाटेत पायातल्या चपला टाकून ये म्हणाले होते. "आणि नियमाचं काय?" तो म्हणाला.

एकदा ती न्हाव्याच्या दुकानासमोर बंद पडली. दादाने वाट बघता बघता केस कापून घेतले, दाढी करून घेतली, आणि तरीही वेळ उरला म्हणून न्हाव्याचा चष्मा नीट करून दिला. घरी आला तो चकाचक होऊन. वहिनी बिचारी दुपारपासून फाटकाजवळच्या पायरीवर बसून होती. त्याला बघून म्हणाली, "मला वाटलं, नवरा हरवला. आलं ते हे कोण नवीनच."

आणि दर वेळी दादाचं वाक्य ठरलेलं. "आली ना गाडी घरी? मग झालं."

दुरुस्तीला त्याने कधी नाही म्हटलं नाही, पण दुरुस्ती होईपर्यंत तो जी तात्पुरती युक्ती करायचा, ती एवढी अंगवळणी पडायची की दुरुस्ती राहूनच जायची. दादाच्या बाजूचं दार आतून उघडत नसे. काच खाली करून, हात बाहेर काढून, बाहेरचा खटका दाबायचा. मागचं डावं दार बाहेरूनही उघडत नसे आणि आतूनही नाही. मागे बसणाऱ्या सगळ्यांनी उजवीकडून शिरून घसरत घसरत पलीकडे जायचं. पुढच्या डाव्या सीटची पाठ टिकावी म्हणून मागे फळी लावलेली. वायपरला सुतळी बांधून ती खिडकीतून आत घेतली होती, पाऊस आला की शेजारी बसलेल्याने ओढत राहायचं. गाडी चालू करायची तर किल्ली फिरवताना डॅशबोर्डवर उजव्या बाजूला एक थाप मारायची. जोरात नाही, पाठीवर शाबासकी देतात तेवढीच.

आणि हॉर्न. स्टिअरिंगचं चाक पूर्ण उजवीकडे वळवलं की हॉर्न आपोआप वाजायचा. आमच्या फाटकातून आत यायचं तर पूर्ण उजवीकडेच वळावं लागतं. त्यामुळे दादा घरी आला की अख्ख्या गल्लीला कळायचं आणि वहिनी वर चहा टाकायची. तो सुतळी गुंडाळून, खिडकीतून हात काढून, दार उघडून जिना चढेपर्यंत चहा तयार.

वहिनी गाडीला 'सासूबाई' म्हणायची. "खऱ्या सासूबाईंनी मला कधी दुखवलं नाही हो वन्सं," ती मला म्हणायची. "देवमाणूस. ती सगळी कसर हिने भरून काढली. हिच्या कलाने बसा, हिच्या कलाने उठा, आणि एवढं करून हिचा मुलगा म्हणणार, तिला काही बोलायचं नाही."

मिस्त्रीचंही दुःख काही कमी नव्हतं. दादाच्याच वयाचा माणूस. दोघांची मैत्री त्या बॉनेटखाली वाकून वाकून झालेली. एकदा तो आमच्या अंगणात गाडीखालून नुसतं तोंड बाहेर काढून म्हणाला, "चष्मेवाले, हिच्या वयाच्या सगळ्या गाड्या भंगारात गेल्या. मी जाऊन त्यांचे सुटे भाग काढून आणतो आणि हिला लावतो. परवा भंगारवाला मला म्हणाला, तुम्ही नातेवाईक का?"

"मग काय म्हणणं आहे तुझं?"

"म्हणणं काय, मला धंदा बंद करायचाय. पोरगा म्हणतो, बाबा आता घरी बसा. पण ही आहे तोवर कसा बसू? हिचं दुसऱ्या कुणाला कळायचं नाही."

"चालतेय ना?"

"चालतेय."

"मग झालं," दादा म्हणाला. मिस्त्रीने तोंड परत आत घेतलं.

हे असंच चाललं असतं. पण वहिनीची थोरली बहीण, आक्का, घरात पडली, कंबर मोडली आणि अंथरुणाला खिळली. आक्काचं घर नदीपलीकडे. दोन बस बदलायच्या, मधे चालायचं. आक्काच्या सुनेची नोकरी. दुपारभर आक्का एकटी छताकडे बघत पडलेली. वहिनीला एक दिवसाआड तरी जायचं होतं. दादा न्यायचा, पण रविवारी, आणि तेसुद्धा सासूबाईंची तब्येत बरी असेल तर. एका रविवारी ते अर्ध्या वाटेतून परत आले. आक्का सुनेकडून वेणी घालून घेऊन, धुतलेलं लुगडं नेसून दाराकडे डोळे लावून पडली होती, असं नंतर फोनवर कळलं. त्या दिवशी वहिनी काही बोलली नाही. तिच्या बाबतीत हे चांगलं लक्षण नसतं.

दुसऱ्या दिवशी माझ्याकडे येऊन म्हणाली, "वन्सं, मी गाडी शिकणार आहे. यांना सांगायचं नाही. सांगितलं तर शिकवायला बसतील."

मग आम्ही रोज सकाळी देवळात जातो म्हणून बाहेर पडायला लागलो. खोटं बोलायला नको म्हणून क्लासच्या वाटेवरच्या देवळात खरोखरच जायचो. वहिनी डोळे मिटून उभी राहायची आणि ओठ हलायचे. मला वाटायचं, आक्कासाठी काही म्हणतेय. एक दिवस कान दिला तर, "क्लच, गिअर, आरसा, क्लच, गिअर, आरसा." देवाने ते ऐकलं असावं. पहिल्या फटक्यात लायसन्स मिळालं.

तिने ते दादाच्या ताटाशेजारी ठेवलं. दादाने चष्मा वर करून वाचलं, फोटो बघितला, परत वाचलं. चेहरा फुलला. मग एकदम काहीतरी आठवून पडला.

"यासाठी डोळ्यांचा दाखला लागतो," तो म्हणाला.

"लागतो."

"माझ्याकडून नाही घेतलास."

"तुमच्याकडून घेतला असता तर तुम्हाला कळलं नसतं का?"

"मग कुणाकडून?"

वहिनीने माझ्याकडे बघितलं. मी वरणाकडे. "त्या चौकातल्या," ती म्हणाली. "मोठ्या काचेच्या दुकानातून."

दादाने घास खाली ठेवला. बायको चोरून गाडी शिकली याचं त्याला काही नव्हतं. दुसऱ्याकडून डोळे तपासून घेतले, हे त्याला फार लागलं. "काय नंबर सांगितला त्याने?" त्याने विचारलं. वहिनीने सांगितल्यावर म्हणाला, "बरोबर आहे," आणि मग जेवला.

जेवण झाल्यावर वहिनीने मुद्दा काढला. "मला चालवता येईल अशी गाडी घेऊ या. नवी नको, कुणीतरी थोडी वापरलेली चालेल."

"ही आहे की!"

"ही गाडी नाही. हे तुमचं व्रत आहे."

"अगं, मी शिकवतो."

"हेच म्हटलं होतं मी वन्संना."

तरी शिकली. अंगणात रोज संध्याकाळी धडे. मी खिडकीत. "थाप हळू. अगं, शाबासकी दे, कानाखाली नको वाजवूस!" आणि वहिनी, "शाबासकी देण्यासारखं तिने काय केलंय ते आधी सांगा." सुतळी, फळी, खटका, सगळं तिने पाठ केलं. हॉर्न वाजला की दचकायची तेही थांबलं. एकदा दमून तिने चाकावर डोकं टेकलं आणि म्हणाली, "एवढं शिकण्यापेक्षा गाडी बदलणं सोपं नाही का हो?"

"माझ्याबरोबर संसार शिकलीसच की."

"तेव्हा थोडा वापरलेला दुसरा मिळत नव्हता."

मात्र एक गोष्ट तिने दादाकडून कबूल करून घेतली, माझ्यासमोर. "तुमच्या नियमात तुम्ही 'मला' म्हणालात. आता चालवणारी मीपण आहे. तेव्हा नियम दोघांना. जो चालवेल तो गाडीशिवाय घरी आला, की गाडी विकायची."

दादाने विचार केला. तिरकं काही सापडलं नाही. "कबूल," तो म्हणाला.

त्यानंतरच्या आठवड्यात दादा तापाने पडला. नाक बंद, कान बंद, घसा बसलेला. दुकानही बंद. आणि आक्काच्या सुनेचा फोन आला, की आक्का दोन दिवस नीट जेवत नाहीये, बहिणीची सारखी आठवण काढतेय. वहिनीने डबा भरला, किल्ली घेतली. दादाने गादीवरून तिच्याकडून सगळे धडे पुन्हा म्हणवून घेतले. गाडी अंगणातून बाहेर पडली ती एकाही धक्क्याशिवाय. मी मनातल्या मनात हात जोडले.

दुपारपर्यंत येते म्हणाली होती. दुपार झाली. दादा मफलर गुंडाळून खाली आला आणि माझ्या स्वयंपाकघरात बसला, कारण तिथून फाटक दिसतं. रस्त्यावर हॉर्न वाजला की उठायचा आणि गॅसवर चहाचं आधण ठेवायचा. हॉर्न दुसऱ्याच कुणाचा निघायचा. मी गॅस बंद करायची. असं होता होता माझ्या घरातली साखर त्या आधणांत गेली. मग तो बाहेर जाऊन फाटकाजवळच्या पायरीवर बसला. इतकी वर्षं मी त्या पायरीवर वहिनीला बसलेली पाहिली होती, त्याला पहिल्यांदाच पाहत होते. त्याला बसताही येत नव्हतं नीट. उठायचा, रस्त्यावर डोकवायचा, परत बसायचा.

"तिने फोन का करू नये?" मला विचारतो.

"तू कधी करायचास?" मी म्हटलं.

तेवढ्यात फोन वाजला. कान बंद म्हणून त्याने आवाज मोठा लावला, त्यामुळे सगळं मलाही ऐकू आलं.

"अहो, ऐकताय ना? सासूबाई उभ्या राहिल्या."

"कुठे?"

"येताना, पुलाच्या अलीकडे. रंगाच्या दुकानासमोर. किती वेळ झाला, म्हटलं आधी सगळं करून बघू, मग फोन करू."

"धूर आला? आवाज? जळका वास?"

"काही नाही. हळूच थांबली, शहाण्या बाईसारखी."

"थाप मारलीस?"

"माझा तळहात लाल झाला."

"पेट्रोलचा काटा बघ बरं."

"अर्ध्यावर आहे."

हे ऐकून दादाचं तोंड उघडंच राहिलं. तिकडून वहिनी अगदी सरळ आवाजात म्हणाली, "मग मी रिक्षाने घरी येऊ का?"

मी दादाकडे बघत होते. 'ये' म्हणावं तर गाडी गेली. त्याचा एक हात मफलरच्या टोकाशी चाळा करत होता. "थांब," तो म्हणाला. "थांब जरा. मी येतो."

"थांबते की. मी कुठे जातेय?" आणि फोन बंद.

दादाने जिन्याखालून प्लॅस्टिकचा डबा काढला. मी चपला घातल्या. तापातल्या माणसाला एकट्याला कसं पाठवायचं? रिक्षा केली. वाटेत पंपावर त्याने डबा भरून घेतला.

"पेट्रोल कशाला? काटा अर्ध्यावर आहे म्हणाली ना?"

"तो काटा कायम अर्ध्यावरच असतो," दादा बसलेल्या घशाने म्हणाला. "अडकलाय. बरीच वर्षं झाली. मी दर सोमवारी भरून घेतो, त्यामुळे बघावं लागत नाही. या सोमवारी मी अंथरुणात."

"आणि तिला सांगितलं नाहीस?"

"सगळं सांगितलं गं. सुतळी सांगितली, फळी सांगितली. हे डोक्यातच आलं नाही. रोजचंच आहे ना ते माझं." मग थोडं पुढे गेल्यावर त्याचा चेहरा जरा उजळला. "पण म्हणजे गाडी बंद पडलीच नाही, चिमे. नुसतं पेट्रोल संपलं. ते तर नव्या गाडीतलंही संपतं."

"नव्या गाडीचा काटा हलतो," मी म्हटलं.

तेवढ्यात पूल दिसला.

रंगाच्या दुकानासमोर गाडी उभी होती. वहिनी आत, चाकापुढे, पदर डोक्यावर घेऊन. उन्हाने चेहरा तांबडाबुंद. दुकानदार तिच्या खिडकीशी स्टूल टाकून बसला होता आणि आक्काच्या घरून परत आलेल्या डब्यातलं काहीतरी खात होता. दादाला बघून तो उठला.

"तुम्हीच का ते नियमवाले?" त्याने विचारलं. "मी बाईंना म्हटलं, रिक्षा करून देतो, आत पंख्याखाली बसा. म्हणाल्या, आमच्याकडे चालवणाऱ्याने गाडी सोडून जायचं नसतं. अहो, बोटीच्या कप्तानालासुद्धा इतकं नसतं!"

दादाने पेट्रोलचा डबा वर केला. वहिनीने डब्याकडे बघितलं, मग काट्याकडे, मग दादाकडे.

"खोटा आहे का हा?"

"खोटा नाही. अडकलाय."

"कधीपासून?"

"बरेच दिवस," दादा टाकीचं झाकण उघडत म्हणाला. वर्षं म्हणायचं त्याला धैर्य झालं नाही.

पेट्रोल गेलं. वहिनीने किल्ली फिरवली, गाडीने दोन-तीन आचके दिले आणि ती चालू झाली. थाप नाही, शाबासकी नाही, काही नाही. असं तिने गेल्या कित्येक वर्षांत केलं नव्हतं. मुद्दाम केल्यासारखं वाटलं मला.

"म्हणजे बंद पडली नव्हती ती," वहिनी म्हणाली.

"नाही."

"मग हे नियमात बसत नाही."

"नाही बसत."

वहिनीने मान हलवली. भांडली असती तर बरं झालं असतं. पण ती भांडणाऱ्यातली नाही, ठरलेलं पाळणाऱ्यातली आहे. तिने पदर डोक्यावरून खाली घेतला. "बसा मग. वन्सं, डावीकडून नाही हं, उजवीकडून. जेवणाच्या डब्याचं झाकण राहिलंय बघा या दुकानदारांकडे."

"आक्का कशी आहे?" दादाने बाहेर उभ्या उभ्याच विचारलं.

"चार घास खाल्ले. विचारत होती, परत कधी येशील."

"काय सांगितलंस?"

"सांगितलं, यांना बरं वाटू दे. मग बघू, एखाद्या रविवारी."

मी उजवीकडून शिरून घसरत पलीकडे गेले होते. दादा तिथेच उभा. मला वाटलं, चक्कर आली का काय. मग त्याने खिडकीतून हात आत घातला, किल्ली बंद केली आणि बाहेरचा खटका दाबून दार उघडलं.

"उतर," तो वहिनीला म्हणाला.

"का? आता काय झालं?"

"उतर. रिक्षा करू."

"अहो, ताप डोक्यात गेला का? चालू आहे गाडी!"

"जो चालवेल तो गाडीशिवाय घरी आला की गाडी विकायची. असंच ठरलंय ना आपलं?"

"पण बंद पडली तर!"

"बंद असली पाहिजे असं कुणी म्हटलं होतं? चिमे, तू होतीस. म्हटलं होतं?"

"नाही बाई," मी आतून म्हटलं. आणि परत घसरत घसरत उजवीकडे निघाले.

वहिनी चाक धरून तशीच बसली. मग तिने एक मोठा श्वास घेतला, पर्स उचलली आणि उतरली. उतरताना डॅशबोर्डवर हलकेच एक थाप मारली, शाबासकी देतात तशी. ती मी बघितली. दादाने बघितली की नाही माहीत नाही. त्याच्या डोळ्यांत सर्दी फार झाली होती.

गडबड उडाली ती रंगवाल्याची. "अहो, चालू गाडी माझ्या दारात टाकून तुम्ही रिक्षाने निघालात?"

"उद्या मिस्त्री नेईल," दादा म्हणाला. आणि मग त्याची नजर रंगवाल्याच्या चष्म्यावर गेली. एक दांडी दोऱ्याने बांधलेली. दादाचा हात आपोआप खिशातल्या छोट्या स्क्रूड्रायव्हरकडे गेला. तापात, रस्त्यात, गाडीच्या बॉनेटवर रुमाल पसरून त्याने तो चष्मा नीट करून दिला. एवढं झाल्यावर गाडी रात्रभर ठेवायला रंगवाला आनंदाने तयार झाला.

रिक्षात मी मधे, ती दोघं दोन बाजूंना. पुलाजवळचा सिग्नल सुटला. मग दादा माझ्या डोक्यावरून वहिनीला म्हणाला, "तू विचारलंस, येऊ का. आणि मी थांब म्हणालो."

वहिनी बाहेर बघत होती.

"ये म्हणायचं माझ्या तोंडून निघालं नाही," दादा म्हणाला.

"मफलर सुटलाय तुमचा," वहिनी म्हणाली. "नीट गुंडाळा."

मिस्त्रीने गाडी घेतली. भंगारात घालणार म्हणून नेली आणि आपल्या गॅरेजच्या मागे उभी करून ठेवली. आता तो दुपारी तिच्यात बसून पेपर वाचतो, काच खाली करून. धंदा पोराकडे दिला. दादा अधूनमधून तिकडे जातो. दुकानाच्या कामाला गेलो होतो म्हणतो. आम्ही काही विचारत नाही.

नवी, म्हणजे आम्हाला नवी, गाडी वहिनीने निवडली. चारही दारं उघडतात. मी पहिल्यांदा बसले ती सवयीने उजवीकडून शिरले आणि घसरत गेले, तर वहिनी इतकी हसली की तिला गाडी बाजूला घ्यावी लागली. आक्काकडे एक दिवसाआड जाते. देवाच्या कृपेने आक्का आता उशीला टेकून बसते आणि सुनेची तक्रार करते. म्हणजे बरी आहे.

अडचण एकच झाली. नवी गाडी फाटकातून येते ती आवाज न करता. पहिल्या दिवशी वहिनी जिना चढून दारात उभी, आणि दादा आत पेपर वाचत बसलेला. गॅस थंड.

"चहा?" ती म्हणाली.

"मला काय कळणार तू आलीस ते? हॉर्न कुठे वाजला?"

तेव्हापासून फाटकात वळताना ती हॉर्न दाबते. चांगला लांब. गल्लीला जुनी सवय होतीच. मी खिडकीतून वर बघते तर दादाच्या स्वयंपाकघरात भांड्याची खुडबुड सुरू झालेली असते.

परवा त्या गाडीच्या एका दाराला उघडताना बारीकसा आवाज यायला लागला. दादा खिशातून चष्म्याचा छोटा स्क्रूड्रायव्हर काढून खाली आला, दार उघडून-मिटून बघितलं, बिजागरीपाशी कान नेला. वहिनी आतच बसलेली होती.

"काही नाही," दादा म्हणाला. "जरा सैल झालंय. मी एक युक्ती करतो—"

वहिनीने हॉर्न दाबला आणि दाबूनच धरला.

दादाने स्क्रूड्रायव्हर खिशात ठेवला आणि चहा टाकायला वर गेला.